एका राज्यात दार बंद, दुसऱ्यात उघडं: अमेरिकेतली बॉक्सिंग-एमएमए कमिशनं कशी उभी असतात

२४ जानेवारी २००९. लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये बॉक्सर अँटोनियो मार्गारिटोच्या हातांना पट्ट्या बांधल्या जात होत्या आणि प्रतिस्पर्धी शेन मोझलीचा प्रशिक्षक नाझिम रिचर्डसन ते निरखत उभा होता. त्याने आक्षेप घेतला. पट्ट्या सोडायला लावल्या, तेव्हा आत कडक झालेले पॅड निघाले. मार्गारिटो नव्या पट्ट्या बांधून लढला, नवव्या फेरीत हरला, आणि १० फेब्रुवारीला कॅलिफोर्नियाच्या कमिशनने त्याचा व त्याच्या प्रशिक्षकाचा परवाना रद्द केला. वर्ष उलटल्यावर, ऑगस्ट २०१० मध्ये, त्याचा नवा अर्ज कॅलिफोर्नियाने फेटाळला. त्याच महिन्यात टेक्सासने त्याला परवाना दिला आणि नोव्हेंबरमध्ये तो आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये मॅनी पॅकियाओसमोर उभा राहिला.

यात कायदा कुणीच मोडला नाही. कॅलिफोर्नियानेही नाही, टेक्सासनेही नाही. अमेरिकेत बॉक्सिंग किंवा एमएमएसाठी (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला खेळ) केंद्रीय कमिशन नाही. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए वगैरे बॉक्सिंग संघटना विजेतेपदाचे पट्टे वाटतात, यूएफसी ही कंपनी एमएमएचे कार्यक्रम भरवते, पण खेळाडूला रिंगमध्ये पाऊल टाकू द्यायचं की नाही हे ठरवतं ते त्या त्या राज्याचं कमिशन. त्यामुळे एखाद्या कमिशनची पारख करायची तर दोनच प्रश्न आधी विचारावेत. ‘नाही’ म्हणायचा अधिकार नेमका कुणाच्या टेबलावर आहे? आणि त्या टेबलाचा खर्च कोण भागवतं?

मुळात हा गुन्हाच

पैसे लावून माणसांनी एकमेकांना मारणं हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत एकेकाळी सरळ फौजदारी गुन्हा होता. कमिशनचा कायदा म्हणजे त्या गुन्ह्यात कोरलेला अपवाद. अमुक अटी पाळल्यात तर ही मारामारी खेळ, नाहीतर गुन्हा. नेवाडाने १८९७ साली हा अपवाद केला आणि त्याच वर्षी १७ मार्चला कार्सन सिटीत कॉर्बेट-फिट्झसिमन्स ही बॉक्सिंगची लढत झाली. न्यूयॉर्कने १९११ च्या फ्रॉली कायद्याने कमिशन नेमलं, पण लढती दहा फेऱ्यांच्या आणि निकालाविना. दोघेही उभे राहिले तर जिंकलं कोण हे अधिकृतपणे कुणी सांगायचं नाही. मग निकाल दुसऱ्या दिवशीचे वार्ताहर देत आणि सट्टा त्यावर फिरे. १९१७ मध्ये तो कायदा गेला. १९२० च्या वॉकर कायद्याने परवाना, वैद्यकीय तपासणी, पंच आणि निकाल यांची जी घडी घातली, तिचीच नक्कल पुढे बऱ्याच राज्यांनी केली.

अपवादातून जन्म झाल्यामुळे या कायद्यांत सर्वांत महत्त्वाची ओळ व्याख्येची. व्याख्येत नसलेल्या खेळावर कमिशनला हात टाकता येत नाही. नेवाडाच्या कायद्यात (प्रकरण ४६७) ‘निःशस्त्र लढत’ म्हणजे बॉक्सिंग, किंवा ज्यात इजा होऊ शकेल असा प्रहार सहसा केला जातो अशी कोणतीही स्पर्धा. ही झोळी इतकी मोठी की २०२२ मध्ये थपडांची स्पर्धासुद्धा, नवा कायदा न करता, तिच्यात मावली. ते बरं झालं की वाईट हा वेगळा वाद. माझ्या मते डोकं न हलवता मार खाण्याला खेळ म्हणणं कठीण आहे. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये उलट रस्ता धरला. व्यावसायिक एमएमएवर कायद्यानेच बंदी घातली. परिणाम असा की व्यावसायिक लढती शेजारच्या न्यू जर्सीत गेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये हौशी लढती राज्याच्या देखरेखीशिवाय चालू राहिल्या. बंदी उठली २०१६ मध्ये, आणि त्या १२ नोव्हेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये यूएफसीचा पहिला कार्यक्रम झाला. बंदी आणि नियमन यांत फरक काय, ते या एकोणीस वर्षांत बघायला मिळालं.

खुर्च्या

नेवाडात पाच सदस्य, सगळे गव्हर्नरने नेमलेले. रोजचं काम पगारी कार्यकारी संचालक बघतो. कॅलिफोर्नियात सात, त्यांपैकी पाच गव्हर्नरचे, एक सिनेटच्या समितीचा, एक असेंब्लीच्या सभापतीचा. कार्यालय ग्राहक व्यवहार खात्याच्या छताखाली. न्यू जर्सीचं मंडळ अ‍ॅटर्नी जनरलच्या खात्यात बसतं, कारण १९८५ साली ते उभं राहिलं तेच बॉक्सिंगमधल्या गुन्हेगारी हितसंबंधांच्या चौकशीनंतर. जॉर्जियाचं कमिशन तर तिकिटांच्या पुनर्विक्रेत्यांनाही परवाने देतं.

टेक्सासची तऱ्हा निराळी. तिथे लढतींचा कारभार परवाने आणि नियमन खात्यातल्या एका कार्यक्रमाकडे आहे. हे खातं इतरही कितीतरी व्यवसायांना परवाने देतं. इथेच मार्गारिटोच्या कोड्याचा अर्धा उलगडा होतो. कॅलिफोर्नियात त्याच्या अर्जावर उघड सभेत, सदस्यांच्या मतदानाने निर्णय झाला. टेक्सासमध्ये तो खात्याच्या प्रशासकीय पातळीवर झाला. उघड सभा असली की विषयपत्रिका आधी लावावी लागते (नेवाडात तीन कामकाजाचे दिवस आधी, कॅलिफोर्नियात दहा), लोक येऊन बोलतात, वार्ताहर बसतात, आणि प्रत्येक सदस्याचं मत नावानिशी नोंदलं जातं. प्रशासकीय टेबलावर काम झटपट होतं. लढतीची तारीख जवळ असली की प्रमोटरला, म्हणजे लढत भरवणाऱ्याला, हे टेबल जास्त आवडणार, हे उघड आहे.

केंद्रीय कमिशन नसलं तरी संघराज्याचा, म्हणजे केंद्राचा, बॉक्सिंग कायदा सदस्यांवर एक बंधन टाकतो: कमिशनच्या सदस्याने वा कर्मचाऱ्याने प्रमोटर, मॅनेजर किंवा पट्टेवाल्या संघटनांकडून मोबदला घ्यायचा नाही. कलम स्वच्छ आहे, पण ते पैशापुरतं. ओळखीपाळखी, पुढची नोकरी, राज्याच्या पर्यटनाला मोठी लढत मिळवून द्यायचा दबाव, यांना ते आवरू शकत नाही.

पैसा

बहुतेक कमिशनांचं उत्पन्न म्हणजे तिकीटविक्रीवरचा वाटा, परवाना शुल्क आणि दंड. नेवाडा तिकिटांच्या एकूण वसुलीवर ८ टक्के घेतं. प्रक्षेपण हक्कांवर पहिल्या १० लाख डॉलरवर ३ टक्के आणि पुढच्या २० लाखांवर १ टक्का, म्हणजे कितीही मोठी लढत असो, प्रक्षेपणाचं शुल्क ५० हजार डॉलरवर थांबतं. कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियात तिकिटांवर ५ टक्के, टेक्सासमध्ये ३.

आता हिशेब करून बघा. १ कोटी डॉलरची तिकीटविक्री असेल तर नेवाडाला ८ लाख मिळतात. गावातल्या सभागृहातली ४० हजार डॉलरची लढत असेल तर ५ टक्क्यांनी २ हजार. त्या २ हजारात निरीक्षकांचं मानधन, प्रवास, खेळाडूंचं वजन करण्याच्या दिवसाचा वेळ आणि कार्यालयातली कागदपत्रं. लहान कार्यक्रम जवळजवळ नेहमी तोट्यात असतो आणि खेळाडूंना धोका तर तिथेच जास्त, कारण बेजोड जोड्या तिथेच लागतात. वर्षाकाठी दोन-तीन मोठ्या लढती आल्या नाहीत की स्वयंपोषित कमिशन कोलमडायला लागतं. कॅलिफोर्नियाचं कमिशन २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोचलं होतं. ज्या कमिशनचा पगार मोठ्या लढतीवर अवलंबून, ते मोठ्या लढतीतल्या खेळाडूला ‘नाही’ म्हणताना दोनदा विचार करणारच. राज्याच्या तिजोरीतून पगार देणं हा त्यावरचा उपाय, पण मग विधिमंडळात दरवर्षी कुणीतरी विचारतं की मारामारीवर करदात्यांचा पैसा कशाला.

तिकिटांच्या मोजणीत एक नेहमीची गळती असते, फुकट पासांची. म्हणून छापलेल्या तिकिटांची क्रमवार यादी, न विकलेली तिकिटं आणि पास हे सगळं लढतीनंतर जुळवून बघतात. ज्या राज्यात ही मोजणी प्रमोटरच्या शब्दावर सोडतात तिथे टक्का कितीही ठेवा, काय उपयोग?

कॅलिफोर्नियाची एक गोष्ट मात्र इतरांनी उचलावी अशी आहे. १९८२ पासून तिथे बॉक्सरांसाठी निवृत्तिनिधी आहे. दर तिकिटामागे ८८ सेंट त्यात जातात. एमएमएसाठी तसाच निधी उभारणारा कायदा २०२३ मध्ये झाला.

फाइल

लढतीआधी प्रत्येक खेळाडूची एक फाइल तयार होते. ओळखपत्र, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांचे रक्ताचे अहवाल, बाहुल्या मोठ्या करून केलेली डोळ्यांची तपासणी, सर्वसाधारण शारीरिक तपासणी; राज्य आणि वयानुसार ईसीजी, मेंदूचा एमआरआय; स्त्री खेळाडूंसाठी गरोदरपणाची चाचणी. यादी राज्यागणिक बदलते. बहुतेक वेळा लढत अडते ती कागद नाही म्हणून नाही, कागद शिळा आहे म्हणून. रक्ताचा अहवाल मुदतीबाहेर गेलेला असतो किंवा नेत्रतज्ज्ञाऐवजी भलत्याच डॉक्टरची सही असते. हे वजनाच्या दिवशी कळलं तर काही हातात राहत नाही. म्हणून नेटकी कमिशनं फाइल काही दिवस आधी मागतात.

त्याबरोबर जोडीची मंजुरी. दोघांचे जुने निकाल, शेवटची लढत कधी, शेवटचा नॉकआउट कधी, सध्या निलंबन आहे का. १५-० वाला (पंधरा विजय, पराभव नाही) आणि २-११ वाला असा प्रस्ताव आला तर नुसते आकडे पुरत नाहीत. ते अकरा पराभव कुणाकडून आणि कसे झाले हे बघावं लागतं. मॅनेजरचा करारही कमिशनकडे जातो. कॅलिफोर्नियात त्याचा वाटा एक-तृतीयांशावर जाऊ शकत नाही.

मग विमा. इथे न्यूयॉर्कचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. २ नोव्हेंबर २०१३ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉक्सर मॅगोमेद अब्दुसलामोव्ह दहा फेऱ्या मार खाऊन गुणांवर हरला. लढतीनंतर त्याला अ‍ॅम्ब्युलन्स मिळाली नाही, तो टॅक्सीने रुग्णालयात गेला. मेंदूत रक्ताची गाठ होती. तो वाचला, पण कायमचा अपंग झाला. राज्याने २०१७ मध्ये २ कोटी २० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. दरम्यान २०१६ च्या कायद्याने न्यूयॉर्कमध्ये दर खेळाडूमागे ५० हजारांचा वैद्यकीय विमा आणि मेंदूच्या जीवघेण्या इजेसाठी १० लाख डॉलरचा विमा सक्तीचा झाला. हेतू योग्यच. पण हा दुसरा विमा इतका महाग पडला की लहान बॉक्सिंग प्रमोटरांनी राज्यात कार्यक्रम घेणं जवळपास थांबवलं. आकडा ठरवताना विमा कंपन्या तो विकायला तयार आहेत का, कितीला, हे आधी विचारायचं असतं.

लढतीची रात्र

संघराज्याचा १९९६ चा व्यावसायिक बॉक्सिंग सुरक्षा कायदा चार किमान गोष्टी मागतो: आधी डॉक्टरची तपासणी, जागेवर अ‍ॅम्ब्युलन्स किंवा वैद्यकीय पथक, रिंगजवळ सतत हजर डॉक्टर, आणि आरोग्य विमा. ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा. डॉक्टर जखमीला घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दुसरा डॉक्टर नसेल, तर पुढची लढत सुरू करता येत नाही. अ‍ॅम्ब्युलन्सचंही तेच: एकच असेल आणि ती निघून गेली तर ती परत येईपर्यंत किंवा दुसरी पोचेपर्यंत प्रेक्षक बसून राहतात. प्रमोटर वैतागतो, प्रक्षेपणवाले घड्याळ दाखवतात. कमिशनचा प्रतिनिधी अशा वेळी हलतो की नाही, यात त्या कमिशनची सगळी परीक्षा होऊन जाते.

रात्रीचा खरा भार मात्र निरीक्षकांवर. हे बहुतेक अर्धवेळ लोक, लढतीमागे ठरावीक मानधनावर काम करणारे. खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत शिरल्यापासून निरीक्षक त्याच्याबरोबर. पट्ट्या त्याच्या डोळ्यांसमोर बांधायच्या, त्यावर सही, मग ग्लोव्हज, त्यांच्या नाडीवर चिकटपट्टी, तीवर पुन्हा सही. पिण्याच्या बाटलीत काय आहे, कोपऱ्यातला माणूस जखमेला काय लावतोय, लघवीचा नमुना कुणासमोर दिला, हे सगळं त्याने बघायचं. स्टेपल्स सेंटरमध्ये आक्षेप प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकाने घेतला होता, ही गोष्ट निरीक्षकांच्या प्रशिक्षणात आवर्जून शिकवावी अशी.

रेफ्री आणि तीन जज कमिशन नेमतं, त्यांचं मानधन बहुधा प्रमोटरच्या खिशातून जातं, पण कमिशनमार्फत. विजेतेपदाची लढत असेल तर पट्टेवाली संघटना आपली नावं पुढे करते. नावं सुचवू द्यावीत. शेवटचा शब्द कमिशनने स्वतःकडे ठेवावा.

एमएमएचे एकत्रित नियम न्यू जर्सीत घडले. २००० मध्ये तिथल्या मंडळाने नियमाखाली कार्यक्रम सुरू केले आणि एप्रिल २००१ च्या बैठकीत ते पक्के झाले: पाच मिनिटांच्या फेऱ्या, साध्या लढतीला तीन, विजेतेपदाला पाच, आणि फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण देणारी दहा-गुण पद्धत. वजनाच्या बाबतीत कॅलिफोर्निया पुढे आहे. २०१७ पासून तिथे लढतीच्या दिवशी पुन्हा वजन होतं आणि आदल्या दिवसापेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरलं तर वरच्या गटात जायला सांगतात.

नकार आणि निलंबन यांत फरक आहे

लढतीनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत निकाल आणि निलंबनं अधिकृत नोंदवहीत जायला हवीत. बॉक्सिंगसाठी ती सध्या बॉक्सरेक हे संकेतस्थळ आहे. नॉकआउट झालेल्याला किती दिवस बसवायचं हे राज्य ठरवतं; ३०, ६०, ९० दिवस नेहमी दिसतात, आणि हाड मोडल्याचा संशय असेल तर ‘१८० दिवस किंवा डॉक्टरचा दाखला मिळेपर्यंत’.

१९९६ चा कायदा म्हणतो की नॉकआउट, ओळीने पराभव, दुखापत, उत्तेजकांची चाचणी, खोटं नाव अशा कारणांसाठी एका राज्याने बॉक्सरला निलंबित केलं तर इतरांनी ते पाळायचं. २००० च्या अली कायद्याने बेशिस्त वर्तनाचाही त्यात समावेश केला. इतर कारणांसाठी निलंबन असेल तर दुसरं राज्य लेखी कळवून, सल्लामसलत करून परवानगी देऊ शकतं. जाळं चांगलं विणलेलं आहे, फक्त एक भोक मोठं आहे: ते निलंबनाबद्दल बोलतं, नकाराबद्दल नाही. मार्गारिटोचा परवाना रद्द राहण्याचं वर्ष संपलं होतं. कॅलिफोर्नियाने दुसऱ्यांदा केलं ते निलंबन नव्हतं, अर्ज फेटाळणं होतं. त्यामुळे टेक्सासला काहीच बांधत नव्हतं. बॉक्सर एडविन वालेरोचंही तसंच. मोटारसायकल अपघातातल्या मेंदूच्या इजेमुळे २००४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या एमआरआयमध्ये नापास झाला, अनेक वर्षं अमेरिकेबाहेर लढला, आणि एप्रिल २००९ मध्ये टेक्सासच्या परवान्यावर ऑस्टिनमध्ये जिंकला.

एमएमएत जाळंच पातळ आहे. हे दोन्ही संघराज्य कायदे फक्त बॉक्सिंगला लागू. एमएमएतली निलंबनं एकमेकांनी पाळायची ती राज्याच्या स्वतःच्या कायद्याने आणि कमिशनांच्या संघटनेतल्या समजुतीने.

शिक्षेच्या सुनावणीतही बांधणीचे दोष उघडे पडतात. १९९७ मध्ये बॉक्सर माइक टायसनने प्रतिस्पर्ध्याचा कान चावला तेव्हा नेवाडाने परवाना रद्द केला आणि ३० लाख डॉलर दंड केला. तो त्याच्या ३ कोटींच्या मानधनाच्या १० टक्के, म्हणजे तेव्हा कायद्याने घालून दिलेली कमाल मर्यादा. तो निर्णय टिकला. एमएमए खेळाडू वाँडरले सिल्व्हावर नेवाडाने घातलेली आजन्म बंदी मात्र २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयाने रद्द केली. त्याच वर्षी निक डायझ या एमएमए खेळाडूला नेवाडात गांजाच्या प्रकरणात पाच वर्षांची बंदी झाली. एकाच रात्रीच्या तीन नमुन्यांपैकी दोन एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत निर्दोष निघाले होते, दुसऱ्या प्रयोगशाळेतला एक दोषी. शेवटी तडजोडीत शिक्षा अठरा महिन्यांवर आली. कमिशन तक्रार करतं, पुरावा ऐकतं आणि शिक्षाही देतं. तेव्हा शिक्षेचा तक्ता आधी छापलेला नसेल आणि नमुन्याचा प्रवास कागदावर सलग नसेल, तर न्यायालयात ती टिकणं अवघड.

नवा कायदा लिहायचा तर

ज्या राज्यात कमिशन नाही तिथे व्यावसायिक बॉक्सिंगची लढत दुसऱ्या राज्याच्या कमिशनच्या देखरेखीखालीच घेता येते. आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर तिथलं स्वतःचं कमिशन चालतं, पण त्याचे नियम राज्याच्या नियमांहून किंवा कमिशनांच्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांहून ढिले असता कामा नयेत. कनेटिकटमधल्या मोहिगन राष्ट्राचं नियामक खातं याचं जुनं, नावाजलेलं उदाहरण. एप्रिल २०२० मध्ये साथीच्या काळात यूएफसीने कॅलिफोर्नियातल्या अशाच जमिनीवर कार्यक्रम ठरवला होता. तो दबावाखाली रद्द झाला आणि ९ मे रोजी फ्लोरिडात, जॅक्सनव्हिलला भरला.

वायोमिंगने २०१२ मध्ये फक्त एमएमएसाठी मंडळ केलं आणि २०१८ मध्ये त्याच राज्यात, शायान गावी, ग्लोव्हजविना बॉक्सिंगचा पहिला अधिकृत कार्यक्रम झाला. लहान राज्य, लहान मंडळ, पण व्याख्या पुरेशी रुंद. नवा मसुदा लिहिणाऱ्याने व्याख्या आधी लिहावी, मग हौशी लढती कुणाच्या ताब्यात हे (कॅलिफोर्नियाने हौशी एमएमए २००९ पासून एका वेगळ्या संस्थेकडे सोपवलं आहे), मग निरीक्षकांचं मानधन कुठून, आणि सदस्यांच्या खुर्च्या शेवटी. प्रत्यक्षात मसुदे बहुधा खुर्च्यांपासून सुरू होतात.

परवान्याच्या अर्जात एक प्रश्न शपथेवर विचारायला काही खर्च येत नाही: कोणत्याही राज्याने तुमचा अर्ज कधी फेटाळला आहे का, आणि कोणत्या वैद्यकीय चाचणीत तुम्ही नापास झाला आहात का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या राज्याला फोन करून फाइल मागवायची. उत्तर ‘नाही’ असेल आणि ते खोटं निघालं, तर परवाना रद्द करायला दुसरं कारण शोधावं लागत नाही.